राखीव निधी अभ्यास, गृहस्वामी संघांचा

सामाईक मालकीच्या निवासी वसाहतीतील किंवा इमारतीतील झिजणाऱ्या घटकांची (छपरे, अंतर्गत रस्ते, उद्‌वाहने, पंप, बाह्य रंगलेप इ.) नोंद करून, त्या प्रत्येकाचे उर्वरित आयुष्य व तो बदलण्याचा खर्च यांचा अदमास घेऊन, त्या खर्चासाठी सभासदांनी दरवर्षी किती रक्कम बाजूला ठेवावी हे ठरविणाऱ्या नियोजनपद्धतीस राखीव निधी अभ्यास असे म्हणतात. ही पद्धती मुख्यत्वे अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत विकसित झाली. तेथील काही राज्यांत व प्रांतांत असा अभ्यास कायद्याने बंधनकारक आहे, तर काहींत तो संघांच्या इच्छेवर सोडलेला आहे. अभ्यासाची दोन अंगे असतात : वास्तूच्या स्थितीची पाहणी करणारे भौतिक विश्लेषण आणि निधीतील शिल्लक तपासून पुढील वीस ते तीस वर्षांच्या जमाखर्चाचा आराखडा मांडणारे आर्थिक विश्लेषण.

स्वतंत्र घराचे छप्पर गळू लागले, तर ते केव्हा दुरुस्त करावयाचे व त्यासाठी पैसा कोठून आणावयाचा, हे घराचा मालक एकटा ठरवितो आणि त्याचे परिणामही तोच भोगतो. सामाईक छपराची गोष्ट निराळी असते. छप्पर वीस वर्षे टिकते आणि त्या अवधीत त्याखालील सदनिका दोनतीन वेळा विकली गेलेली असते. पहिल्या मालकाने छपराची सात वर्षे वापरली, दुसऱ्याने दहा वापरली. गळती सुरू होते त्या वेळी जो मालक असेल त्याच्यापुढे मात्र संपूर्ण छपराच्या खर्चाचा वाटा येऊन पडतो. घटक दररोज झिजतो, पण त्याचे देयक वीस वर्षांनी एकदाच येते. ही झीज दरवर्षीच्या वर्गणीत उतरविणे, म्हणजे ज्याने जितका काळ उपभोग घेतला त्याने तितक्या झिजेची भरपाई करणे, हा राखीव निधीचा हेतू होय. वर्गणी कमी ठेवल्याने खर्च कमी होत नाही. तो नंतरच्या मालकाकडे सरकतो, आणि बहुधा वाढून सरकतो. म्हणून हा विषय वरवर अभियांत्रिकीचा व हिशेबाचा दिसत असला, तरी त्याच्या मुळाशी आजचा सभासद आणि उद्याचा सभासद यांच्यामधील वाटणीचा प्रश्न आहे. उद्याच्या सभासदाला आजच्या सभेत मत नसते, ही त्यातील खरी अडचण.

इतिहास : गृहस्वामी संघ म्हणजे वसाहतीतील सर्व घरमालक ज्याचे आपोआप व अनिवार्यपणे सभासद होतात, अशी संस्था. सामाईक रस्ते, बागा, इमारतींचे बाह्यांग इत्यादींची देखभाल ती करते आणि त्यासाठी सभासदांकडून वर्गणी वसूल करते. वर्गणी थकल्यास घरावर बोजा चढविण्याचा अधिकारही तिला असतो. न्यू जर्सी राज्यातील रॅडबर्न या नियोजित वसाहतीत १९२९ मध्ये स्थापन झालेला संघ हा या प्रकारच्या आरंभीच्या उदाहरणांपैकी एक मानला जातो. बहुमजली इमारतीतील एकेक सदनिका स्वतंत्रपणे विकण्याची काँडोमिनियम पद्धती मात्र बरीच नंतरची. प्वेर्त रीकोने १९५८ मध्ये तीसंबंधी कायदा केला. अमेरिकेच्या काँग्रेसने १९६१ च्या गृहनिर्माण अधिनियमान्वये अशा सदनिकांवरील कर्जांना विमासंरक्षण देऊ केले आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत सर्व राज्यांनी आपापले कायदे संमत केले. १९७० मध्ये देशात अशा सुमारे दहा हजार वसाहती होत्या. २०२३ च्या सुमारास त्यांची संख्या साडेतीन लाखांच्या वर गेली व त्यांत सात कोटींहून अधिक लोक राहू लागले.

आरंभीच्या काळात वर्गणीचा दर विकासक ठरवीत असे. घरे लवकर विकली जावीत म्हणून तो कमी दाखविण्याकडे कल असे आणि नव्या इमारतीत त्याची उणीव कोणाला जाणवतही नसे. सत्तरीच्या दशकात उभ्या राहिलेल्या इमारतींची छपरे व रस्ते एकाच सुमारास मोडकळीस येऊ लागले, तेव्हा संघांच्या तिजोऱ्या रिकाम्या असल्याचे ध्यानात आले. कम्युनिटी असोसिएशन्स इन्स्टिट्यूट ही संस्था १९७३ मध्ये स्थापन झाली होती. तिने १९९८ मध्ये राखीव निधी अभ्यासाची राष्ट्रीय मानके प्रसिद्ध केली आणि असे अभ्यास करणाऱ्या तज्ञांसाठी अर्हतापत्र देण्यास प्रारंभ केला. आज वापरात असलेली परिभाषा बव्हंशी या मानकांतून आलेली आहे.

भौतिक विश्लेषण : प्रथम घटकांची यादी करण्यात येते. एखादा घटक यादीत घ्यावा की नाही, हे ठरविताना तो सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी संघाची आहे काय, त्याचे आयुष्य मर्यादित व अदमास घेण्याजोगे आहे काय आणि तो बदलण्याचा खर्च नित्याच्या अंदाजपत्रकात न मावण्याइतका मोठा आहे काय, हे पाहतात. जिन्यातील दिवे बदलणे हा नित्याचा खर्च होय. सर्व इमारतींचे रंगकाम हा राखीव निधीचा. पहिला प्रश्न दिसतो तितका सोपा नसतो. सदनिकेच्या खिडक्या कोणाच्या, सज्जाची जमीन कोणाची आणि तिच्याखालील जलरोधक थर कोणाचा, याचे उत्तर वसाहतीच्या मूळ घोषणापत्रात शोधावे लागते व ते प्रत्येक ठिकाणी वेगळे असू शकते.

त्यानंतर तज्ञ प्रत्यक्ष जागेवर जाऊन मोजमापे घेतो व प्रत्येक घटकाचे उपयुक्त आयुष्य आणि उर्वरित आयुष्य ठरवितो. डांबरी रस्त्याचा वरचा थर, सपाट छपरावरील आच्छादन, उद्‌वाहनाची यंत्रणा यांच्या आयुष्याचे सर्वसाधारण आकडे उत्पादकांकडून व पूर्वानुभवातून मिळतात. परंतु हवामान, बांधकामाचा दर्जा व दैनंदिन निगा यांप्रमाणे त्यांत मोठा फरक पडतो. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत लोखंडी कठडा जितकी वर्षे टिकेल, त्याहून कितीतरी अधिक तो कोरड्या प्रदेशात टिकतो. नाल्या व पन्हळी वेळेवर साफ न केल्यास वीस वर्षांचे छप्पर बारा वर्षांत निकामी होणे अशक्य नाही. कोष्टकातील आयुष्य आणि इमारतीचे खरे आयुष्य यांतील हा फरक ओळखणे हेच पाहणी करणाऱ्याचे कसब होय. पूर्ण अभ्यास एकदा झाल्यावर त्याचे नूतनीकरण करतात. ते कधी प्रत्यक्ष भेट देऊन, तर कधी केवळ किमती व जमाशिल्लक यांचे आकडे सुधारून केले जाते.

ही पाहणी प्रायः दृश्य स्वरूपाची असते. तज्ञ भिंती फोडत नाही, काँक्रीटचे नमुने काढीत नाही, जमिनीखालील नळ उघडून पाहत नाही. इमारतीचा पाया, स्तंभ, तुळया आणि लाद्या हे भाग दीर्घायुषी समजले जात असल्याने ते पूर्वी या यादीत बहुधा येतच नसत. परिणामी, ज्या भागांच्या अपयशाने जीवितहानी होते नेमके तेच भाग हिशेबाबाहेर राहत. या उणिवेचा विचार पुढे आला आहे.

आर्थिक विश्लेषण : त्याची रीत एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. पन्नास घरांच्या एका संघाकडे चारच घटक आहेत असे समजू. छप्पर बदलण्यास आजच्या दराने ३,००,००० डॉलर लागतात, त्याचे उपयुक्त आयुष्य २० वर्षे असून १५ वर्षे उलटली आहेत. रंगकामास ६०,००० डॉलर, आयुष्य ६ वर्षे, पैकी ४ गेली. उद्‌वाहनास २,४०,००० डॉलर, आयुष्य २५ वर्षे, पैकी १० गेली. रस्त्याच्या थरास १,००,००० डॉलर, आयुष्य २५ वर्षे, पैकी १५ गेली. प्रत्येक घटकाच्या किमतीस त्याच्या सरलेल्या आयुष्याच्या प्रमाणाने गुणले, म्हणजे आजवर किती झीज झाली ते कळते : अनुक्रमे २,२५,०००, ४०,०००, ९६,००० व ६०,०००, एकूण ४,२१,००० डॉलर. हिला पूर्ण निधीची रक्कम म्हणतात. संघाच्या खात्यात जर १,२६,००० डॉलर असतील, तर निधिपूर्तता सुमारे ३० टक्के झाली. उरलेल्या ७० टक्क्यांचा उपभोग पूर्वीच्या व आजच्या मालकांनी घेतला आहे, मात्र त्याचे मोल कोणी चुकविलेले नाही.

चारही घटकांची किंमत त्यांच्या आयुष्याने भागली असता दरसालची झीज १५,०००, १०,०००, ९,६०० व ४,०००, म्हणजे एकंदर ३८,६०० डॉलर येते. दर घरास महिन्याला सुमारे ६४ डॉलर. ही वर्गणी योग्य आहे असे वाटते. आरंभापासून नियमित घेतली गेली असती तर ती योग्यच ठरली असती. पण ३० टक्क्यांवरून सुरुवात केल्यास दुसऱ्या वर्षाच्या रंगकामानंतर खात्यात १,४३,२०० डॉलर उरतात आणि पाचव्या वर्षी छप्पर बदलावयाच्या वेळी ४१,००० डॉलर कमी पडतात. ही तूट टाळावयाची तर वर्गणी घरामागे ६४ ऐवजी ७८ डॉलर हवी. येथपर्यंत भाववाढ धरलेली नाही. बांधकामाचे दर वर्षाला ४ टक्क्यांनी वाढतात असे मानले, तर पाच वर्षांनी त्याच छपरास सुमारे ३,६५,००० डॉलर लागतील आणि व्याजाची मिळकत सोडून देता वर्गणी १०१ डॉलरांवर जाईल. ६४ आणि १०१ यांमधील हे अंतर म्हणजे मागील पंधरा वर्षांतील सभांमध्ये वर्गणी वाढविण्यास मिळालेल्या नकारांची बेरीज आहे.

प्रत्येक घटकाचा स्वतंत्र हिशेब ठेवण्याची जुनी पद्धत आणि सर्व घटकांचा पैसा एकत्र धरून तीस वर्षांच्या आवक-जावकीचा विचार करणारी रोखप्रवाह पद्धत, अशा दोन पद्धती रूढ आहेत. दुसरी अधिक लवचिक असल्याने अधिक वापरात आहे. निधीचे उद्दिष्ट किती उंच ठेवावे याबाबत मतभेद आढळतात. काही संघ निधी शंभर टक्क्यांच्या जवळ ठेवू इच्छितात, तर काही खाते केवळ शून्याखाली जाऊ नये एवढ्यावर समाधान मानतात. दुसऱ्या धोरणात अंदाज थोडा चुकला किंवा एखादा घटक तीन वर्षे आधी निकामी झाला, की तूट अटळ असते. तूट आल्यास संघापुढे तीन मार्ग राहतात : एकरकमी विशेष आकारणी, बँकेचे कर्ज किंवा काम पुढे ढकलणे. पहिल्या दोहोंत सभासदांची नाराजी पत्करावी लागते; तिसऱ्यात कोणीच लगेच रागावत नाही, म्हणून तो सर्वांत लोकप्रिय ठरतो. मात्र गळके छप्पर लांबणीवर टाकल्यास त्याखालील लाकूड कुजते, तुळईतील सळया गंजतात आणि छपराच्या कामाचे रूपांतर इमारतीच्या कामात होते.

कायदे : कॅलिफोर्नियात १९८५ साली संमत झालेल्या डेव्हिस-स्टर्लिंग अधिनियमान्वये सामाईक वसाहतींचे नियमन होते. मोठ्या घटकांचे मूल्य संघाच्या वार्षिक अंदाजपत्रकाच्या (राखीव खाते वगळून) निम्म्याहून कमी नसेल, तर त्यांची प्रत्यक्ष पाहणी निदान तीन वर्षांतून एकदा करून अभ्यासाचा दरवर्षी आढावा घ्यावा लागतो. ज्यांचे उर्वरित आयुष्य तीस वर्षांहून कमी आहे असे मोठे घटक त्यात येतात. निधिपूर्ततेची टक्केवारी सभासदांना दरसाल कळवावी लागते. मात्र ती अमुक इतकी असलीच पाहिजे असे हा कायदा म्हणत नाही. त्याच कायद्याने नियमित वर्गणी एका वर्षात २० टक्क्यांहून अधिक वाढविण्यास सभासदांच्या मताची अट घातली आहे. आजाराचे निदान सक्तीचे, औषध ऐच्छिक, असा हा काहीसा प्रकार आहे. हवाई राज्य यापुढे जाऊन निधीची किमान पातळी ठरवून देते. नेव्हाडा व व्हर्जिनिया या राज्यांत पाच वर्षांतून एकदा अभ्यास करावा लागतो. कॅनडातील आँटॅरिओ प्रांताने १९९८ च्या काँडोमिनियम अधिनियमाद्वारे राखीव निधी व त्याचा नियतकालिक अभ्यास दोन्ही अनिवार्य केले. घरकर्जांच्या बाजारपेठेतील फॅनी मे यासारख्या संस्थांनीही अप्रत्यक्ष दबाव आणला. अंदाजपत्रकाच्या निदान दहा टक्के रक्कम राखीव निधीकडे वळविली जावी, अशी अट त्यांच्या निकषांत अनेक वर्षे होती.

बर्कली (कॅलिफोर्निया) येथे १६ जून २०१५ रोजी एक सज्जा कोसळून सहा तरुण मरण पावले व सात जखमी झाले. सज्जाच्या लाकडी तुळया आत शिरलेल्या पाण्याने कुजल्या होत्या. ही इमारत भाड्याने दिलेल्या सदनिकांची होती. परंतु तिच्यामुळे झालेल्या विचारातून २०१९ मध्ये काँडोमिनियम संघांनाही सज्जे, बाह्य जिने अशा उंचावरील लाकडी आधाराच्या भागांची तपासणी दर नऊ वर्षांनी करून घेणे व तिचा निष्कर्ष राखीव निधी अभ्यासात समाविष्ट करणे बंधनकारक झाले. संरचनेची तपासणी आणि निधीचा हिशेब यांची सांगड घालणारी ही आरंभीची तरतूद होय.

सर्फसाइडची दुर्घटना : फ्लॉरिडातील मायामीजवळच्या सर्फसाइड येथील चँप्लेन टॉवर्स साउथ ही १९८१ मध्ये बांधलेली, १३६ सदनिकांची, बारा मजली इमारत २४ जून २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर अंशतः कोसळली व ९८ लोक मृत्युमुखी पडले. इमारत चाळीस वर्षांची होत असल्याने स्थानिक नियमांप्रमाणे तिच्या फेरतपासणीची तयारी सुरू होती. २०१८ मध्येच एका अभियंत्याने तरणतलावाच्या भोवतालच्या लादीखालील जलरोधनातील मूळ दोष व त्यामुळे काँक्रीटची झालेली हानी संघाच्या निदर्शनास आणली होती. त्या वेळी दुरुस्तीचा अंदाज ९० लाख डॉलरांहून अधिक होता. त्यावर चर्चा, आक्षेप व कार्यकारी मंडळाचे राजीनामे यांत जवळजवळ तीन वर्षे गेली. एप्रिल २०२१ मध्ये सुमारे १ कोटी ५० लाख डॉलरांची विशेष आकारणी संमत झाली. तिचा वाटा लहान सदनिकेस सुमारे ८० हजार, तर सर्वांत मोठ्या सदनिकेस सुमारे ३ लाख ३६ हजार डॉलर इतका होता. दुर्घटनेनंतर वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार संघाने राखीव निधी अभ्यास करवून घेतला होता व त्यानुसार १ कोटी डॉलरांहून अधिक निधी असावयास हवा असता, प्रत्यक्षात सुमारे ७ लाख डॉलर होते. निधिपूर्तता सात टक्क्यांच्याही आत होती.

मात्र ही इमारत केवळ निधीच्या अभावाने पडली असे म्हणणे बरोबर होणार नाही. राष्ट्रीय मानक व तंत्रविद्या संस्थेच्या तपासातील प्राथमिक निष्कर्षांप्रमाणे तरणतलावाची लादी इमारतीआधी कोसळली आणि त्या लादीचा व स्तंभांचा सांधा मूळ आराखड्यातच आवश्यक त्या बळाचा नव्हता. आराखड्यातील दोष कोणत्याही राखीव निधी अभ्यासात दिसत नाही. तो संरचना अभियंत्याच्या गणितातच सापडतो. निधी पुरेसा असता तर लादी उघडण्याचे काम लवकर सुरू झाले असते, एवढेच निश्चयाने म्हणता येते. ते थोडे नव्हे.

फ्लॉरिडाचा जुना कायदा येथे लक्षात घेण्यासारखा आहे. छप्पर, रंगकाम, रस्ते इत्यादींसाठी अंदाजपत्रकात राखीव रक्कम दाखवावी असे तो सांगत असे. पण सभासदांच्या बहुमताने ती त्या वर्षापुरती कमी किंवा रद्द करण्याची मुभाही देत असे. ही मुभा वर्षानुवर्षे वापरणारे अनेक संघ होते. उंच इमारतींची तज्ञांकरवी पाच वर्षांनी पाहणी करण्याची २००८ मधील तरतूद २०१० मध्ये मागे घेण्यात आली होती. दुर्घटनेनंतर मे २०२२ मध्ये संमत झालेल्या कायद्याने तीन वा अधिक मजल्यांच्या काँडोमिनियम इमारतींसाठी ‘संरचनात्मक अखंडता राखीव निधी अभ्यास’ दर दहा वर्षांनी अनिवार्य केला. छप्पर, भारवाही भिंती व मुख्य संरचना, अग्निसंरक्षण, नळयोजना, विद्युत्‌व्यवस्था, जलरोधन व बाह्य रंगकाम, खिडक्या व बाह्य दरवाजे यांचा त्यात समावेश आहे. या घटकांचा निधी बहुमताने माफ करण्याची मुभा काढून घेण्यात आली. इमारत तीस वर्षांची झाल्यावर (किनाऱ्यालगत काही ठिकाणी पंचवीस) व पुढे दर दहा वर्षांनी संरचनेची तपासणीही सक्तीची झाली. न्यू जर्सीनेही जानेवारी २०२४ मध्ये संरचनेची तपासणी व निधीचा अभ्यास यांविषयी कायदा केला. त्या राज्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची संख्या लक्षणीय आहे. तेथे घर विकत घेताना संघाचा ताजा अभ्यास व निधिपूर्ततेची टक्केवारी पाहणे हे घराच्या भिंती पाहण्याइतकेच आवश्यक ठरते.

सक्तीला दुसरी बाजूही आहे. फ्लॉरिडातील जुन्या, किनाऱ्यावरील इमारतींत निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धांचे प्रमाण मोठे आहे. कित्येक दशकांची थकबाकी थोड्या वर्षांत भरून काढावयाची असल्याने त्यांची वर्गणी एकाएकी वाढली आणि काहींना घरे विकावी लागली. राज्य विधिमंडळाने २०२५ मध्ये अभ्यासाची मुदत वर्षभर वाढविली, निधीची पूर्तता कर्जाद्वारे करण्यास वाव दिला आणि तपासणीत सुचविलेल्या दुरुस्त्या चालू असता निधीतील भरणा दोन अंदाजपत्रकांपुरता थांबविण्याची सवलत दिली. ज्यांनी वर्गणी माफ करण्याच्या बाजूने मते दिली त्यांतील अनेक जण तोपर्यंत सदनिका विकून गेले होते; भार पडला तो नंतर आलेल्यांवर आणि तेथेच राहिलेल्यांवर.

महाराष्ट्रातील व्यवस्था : महाराष्ट्रात नागरी सदनिकांची सामाईक मालकी बहुधा सहकारी गृहनिर्माण संस्थांकडे असते. त्यांना १९६० चा सहकारी संस्था अधिनियम लागू आहे. १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप अधिनियमाखालील संघ तुलनेने कमी आहेत. आदर्श उपविधींनुसार (२०१४) दुरुस्ती व देखभाल निधीसाठी प्रत्येक सदनिकेच्या बांधकामखर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी, जमिनीची किंमत वगळून, किमान ०.२५ टक्के वर्गणी घ्यावयाची असते. सिंकिंग फंडाचा विनियोग इमारतीची पुनर्बांधणी, ती बळकट करण्यासाठी आवश्यक ते बदल किंवा वास्तुशास्त्रज्ञाने प्रमाणित केलेल्या मोठ्या दुरुस्त्या यांसाठी, सर्वसाधारण सभेच्या ठरावानेच करता येतो.

या व्यवस्थेत आणि वर वर्णिलेल्या अभ्यासात एक मूलभूत फरक आहे. सिंकिंग फंडाची वर्गणी मूळ बांधकामाच्या वेळी झालेल्या खर्चावर मोजली जाते. घटकांची यादी, त्यांचे उर्वरित आयुष्य किंवा आजचे दर यांचा तिच्याशी संबंध नसतो. समजा, १९९० मध्ये एका सदनिकेचा बांधकामखर्च दोन लाख रुपये होता, तर किमान दराने वर्षाला ५०० रुपये जमतात आणि तीस वर्षांत १५,००० रुपये. गुंतवणुकीवर व्याज मिळते हे खरे. परंतु वर्गणीचा पाया १९९० च्याच दरांत गोठलेला राहतो आणि गिलावा, जलरोधन व स्तंभांची दुरुस्ती यांचे दर मात्र त्या त्या वर्षीचे असतात. कोकण किनाऱ्यावरील दमट व खारट हवेत काँक्रीटमधील सळया गंजण्याचे प्रमाण अधिक असल्याने मुंबई-ठाण्याकडे ही तफावत लवकर उघडी पडते. मग छपरावर पत्र्यांचे आच्छादन घालून गळती थोपविली जाते व वर्गणी काढून एकेक मजल्याची डागडुजी होते.

मुंबईत या तुटीवर एक वेगळाच उपाय रूढ झाला आहे, तो म्हणजे पुनर्विकास. वाढीव चटईक्षेत्राच्या मोबदल्यात विकासक जुनी इमारत पाडून सभासदांना नवी सदनिका देतो आणि दुरुस्तीचा सर्व हिशेब पुसला जातो. जमिनीचे मोल ज्या वस्तीत चढे असते तेथेच हे शक्य होते. लहान शहरांत, अरुंद भूखंडांवर किंवा चटईक्षेत्र आधीच संपलेल्या ठिकाणी विकासक फिरकत नाही. तथापि तो येईल या आशेवर मोठी दुरुस्ती व वर्गणीवाढ दोन्ही पुढे ढकलल्या जातात. प्रस्तुत लेखकाच्या पाहणीत आलेल्या अनेक संस्थांत ‘इमारत पाडावयाचीच आहे, मग खर्च कशाला’ हे वाक्य दहा-दहा वर्षे सभांच्या कार्यवृत्तात पुनःपुन्हा आढळते, आणि त्या दहा वर्षांत इमारत वापरात असतेच.

संरचनेच्या तपासणीबाबत मात्र महाराष्ट्राचे नियम फ्लॉरिडाच्या आधीचे आहेत. मुंबई महानगरपालिका अधिनियमात २००९ मध्ये घातलेल्या कलमानुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी संरचना अभियंत्याकडून करून घेणे मालकावर किंवा भोगवटादारावर बंधनकारक आहे. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण (‘स्ट्रक्चरल ऑडिट’) पाच वर्षांतून एकदा व त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा व्हावयास हवे. परंतु या परीक्षणाच्या अहवालातील खर्चावरून सिंकिंग फंडाची वर्गणी नव्याने ठरविली पाहिजे असा नियम नाही. अहवाल एका फायलीत आणि निधीचा हिशेब दुसऱ्या फायलीत राहतो. ०.२५ टक्के ही उपविधींनी घातलेली खालची मर्यादा आहे. तिच्यावरचा दर ठरविण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेस आजही आहे आणि त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची आवश्यकता नाही.